शिशाचे नळ व पिण्याचे पाणी

अमेरिकेतील शिकागो हे नगर मिशिगन सरोवराच्या काठी वसलेले आहे. या सरोवराचे पाणी शहराच्या दोन विशाल शुद्धीकरण केंद्रांत गाळले जाते, जंतुरहित केले जाते व बिडाच्या जलवाहिन्यांतून रस्तोरस्ती पोहोचविले जाते. केंद्रातून निघताना या पाण्यात शिसे जवळजवळ नसतेच. आता अशाच एखाद्या रस्त्यावरील १९५० च्या सुमारास बांधलेल्या घराच्या तळघरात आपण उतरू. भिंतीतून अथवा फरशीखालून एक राखी रंगाचा, काहीसा वाकडातिकडा नळ वर आलेला असतो. पाणीमापकाजवळ त्याचा सांधा कांद्यासारखा फुगलेला दिसतो. एखाद्या नाण्याच्या कडेने त्याला हलकेच खरवडले, तर खालून चांदीसारखी चकाकी दिसते. तो नळ शिशाचा आहे. सरोवरापासून रस्त्यापर्यंत निर्मळ राहिलेले पाणी शेवटच्या दहापंधरा मीटरांच्या या वाटेवरच विषारी होण्याचा संभव असतो.

रस्त्यातील मुख्य जलवाहिनीपासून घरापर्यंत येणाऱ्या नळास येथे ‘नळजोडणी’ असे म्हटले आहे. शिकागोत शिशाच्या नळजोडण्यांची संख्या सुमारे ४ लाख आहे. अमेरिकेतील दुसऱ्या कोणत्याही शहरात त्या इतक्या नाहीत. घरमालकांनी स्वस्तात काम उरकले म्हणून हे घडले, असे मात्र नव्हे. लहान नळजोडणी शिशाचीच असली पाहिजे, असा शिकागो शहराचाच नियम होता. १९८६ साली संपूर्ण देशात पिण्याच्या पाण्यासाठी शिशाचे नवे नळ बसविण्यास कायद्याने बंदी झाली, तोपर्यंत तो टिकून होता. ज्याने नियम मोडला नाही, त्याच्याच घरात विष शिरले. ही गोष्ट पुढील विवेचनात वाचकांनी ध्यानात ठेवावी. नळ बदलण्याचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न निघेल तेव्हा ती उपयोगी पडेल.

शिशाविषयी एवढा आग्रह कशासाठी होता? त्यास कारणेही तशीच होती. शिसे अवघ्या ३२७ अंश सेल्सियसला वितळते. ते मऊ असल्यामुळे त्याचा नळ हाताने वळविता येतो, मार्गात दगड आला तर त्याला वळसा घालता येतो, आणि जमीन खचली तरी नळ सहसा तुटत नाही. लोखंडाचा नळ गंजून बदलावा लागे, पण त्याच्या शेजारचा शिशाचा नळ पिढ्यान् पिढ्या टिके. रोमन लोकांनी याच गुणांसाठी शिसे वापरले. शिशाला लॅटिन भाषेत ‘प्लंबम’ म्हणतात. नळकाम करणाऱ्यास आपण मराठीतही ज्या ‘प्लंबर’ या नावाने हाक मारतो, त्या नावाचा मूळ अर्थ शिशाचे काम करणारा, असा आहे. (उलट आपल्या शिसपेन्सिलीत शिशाचा कणही नसतो; तेथे ग्रॅफाइट व चिकणमाती असते. नावे फसवितात ती अशी.) शिशाचा दोष प्राचीनांना अगदीच अज्ञात होता असेही नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथात शिशाच्या नळांपेक्षा मातीचे नळ बरे, असे लिहून ठेवले आहे. शिसे ओतणाऱ्या कारागिरांची पांढरीफटक पडलेली काया हा त्याचा पुरावा होता.

शिसे पाण्यात शिरते कसे, हे पाहू. शिसे हा सोन्यासारखा अविकारी धातू नाही. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन व जंतुनाशक म्हणून मिसळलेला क्लोरीन यांच्या योगाने त्याचा पृष्ठभाग हळूहळू झिजतो. या झिजेतून निर्माण होणारी संयुगे सर्वच्या सर्व पाण्याबरोबर वाहून जात नाहीत. त्यांपैकी बरीचशी नळाच्या आतील अंगास चिकटून बसतात व त्यांचे एक कवच तयार होते. हे कवच टणक व अविद्राव्य असले, तर पाणी व धातू यांचा संबंध तुटतो आणि नळ वर्षानुवर्षे फारसा त्रास देत नाही. पाणी मृदू व आम्लधर्मी असले, तर मात्र कवच नीट धरत नाही. शिशाच्या नळाचे सारे भवितव्य या कागदासारख्या पातळ थरावर अवलंबून असते, आणि तो थर पाण्याच्या रासायनिक प्रकृतीवर अवलंबून असतो. पाणी बदलले की थर बदलतो. कवच बळकट व्हावे म्हणून अनेक शहरे पाण्यात मुद्दाम ऑर्थोफॉस्फेट मिसळतात. त्यापासून नळाच्या आत शिशाच्या फॉस्फेटचा अत्यल्प विद्राव्य थर बसतो.

किती शिसे पाण्यात असले म्हणजे चिंता करावी? जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार, तसेच पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसारही, एका लिटरात ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम, ही कमाल मर्यादा आहे. हे प्रमाण किती सूक्ष्म आहे, याची कल्पना हिशेबाने येईल. एक ग्रॅम शिशाची गोळी साधारण तुरीच्या दाण्याएवढी असते. तेवढे शिसे १ लाख लिटर पाण्यात मिसळले, तरी ते पाणी या मर्यादेस जाऊन पोहोचते. अशा पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चवीतही फरक पडत नाही. आणि मर्यादा म्हणजे निर्धोकपणाची हमी नव्हे. शरीरातील शिशाची अमुक एक पातळी सुरक्षित आहे, असे वैद्यकशास्त्राला आजवर सांगता आलेले नाही.

शरीर शिशाला ओळखण्यात चूक करते, हे या धोक्याचे मूळ आहे. शिशाचे वर्तन काही बाबतींत कॅल्शियमसारखे असते. त्यामुळे आतडी त्याला आत घेतात व हाडे त्याला साठवून ठेवतात. तेथे ते कित्येक वर्षे, कधी दशकेही, राहते. प्रौढ मनुष्य पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा हिस्सा शोषून घेतो, तर लहान मूल जवळजवळ निम्मा घेऊ शकते. शिवाय मुलांचा मेंदू त्या वेळी घडत असतो. बुद्धीची वाढ खुंटणे, लक्ष न लागणे, वागणुकीत बिघाड होणे हे परिणाम हळूहळू व कोणत्याही ठळक लक्षणावाचून होतात. आईबापांना ते शिशाचे कार्य आहे हे कळतही नाही. सर्वांत मोठा धोका दुधाची भुकटी पाण्यात कालवून ज्यांना पाजतात त्या तान्ह्या मुलांना असतो, कारण त्यांचा जवळजवळ सगळा आहार म्हणजे नळाचे पाणी. गर्भवती स्त्रीच्या हाडांत पूर्वी साठलेले शिसेही रक्तात उतरून गर्भापर्यंत पोहोचू शकते. प्रौढांनीही निर्धास्त राहू नये. रक्तदाब व मूत्रपिंडे यांच्यावर त्याचे परिणाम होतात.

कवच मोडले म्हणजे काय होते, हे प्रत्यक्ष अमेरिकेच्या राजधानीत घडले. वॉशिंग्टन शहराच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन वापरीत असत. क्लोरीनपासून काही आरोग्यघातक उपपदार्थ निर्माण होतात. ते टाळावेत या सद्हेतूने २००० सालच्या नोव्हेंबरमध्ये त्याच्याऐवजी क्लोरामाइन वापरावयास प्रारंभ झाला. क्लोरामाइन हे क्लोरीनपेक्षा सौम्य ऑक्सिडीकारक आहे. या शहराच्या नळांतील कवच क्लोरीनच्या प्रभावाने बनलेल्या लेड डायऑक्साइडचे होते, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या हिशेबातच आली नाही. क्लोरीन गेल्यावर त्या थराचा आधारच गेला आणि तो विरघळू लागला. २००३ साली ६,००० हून अधिक घरांचे पाणी तपासण्यात आले, त्यांपैकी सुमारे ४,००० घरांत शिशाचे प्रमाण कारवाईच्या मर्यादेबाहेर निघाले. ही मर्यादा तेव्हा लिटरला १५ मायक्रोग्रॅम होती. नागरिकांना याचा खरा बोध झाला तो २००४ च्या जानेवारीअखेरीस, वर्तमानपत्रातून. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून पाण्यात ऑर्थोफॉस्फेट मिसळण्यास सुरुवात झाली व प्रमाण उतरू लागले.

घरमालकांना या प्रकरणातून जो धडा मिळाला, तो मात्र यानंतरचा आहे. नळजोडणी जमिनीखाली अखंड असली, तरी कागदोपत्री तिचे दोन तुकडे असतात. मुख्य जलवाहिनीपासून घराच्या हद्दीपर्यंतचा तुकडा सार्वजनिक. हद्दीपासून तळघरापर्यंतचा घरमालकाचा. वॉशिंग्टनच्या पाणीपुरवठा संस्थेने आपल्या वाट्याचे शिशाचे नळ उपटून तेथे तांब्याचे नळ घालण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. आपल्या बाजूचा नळ मालकाने स्वतःच्या खर्चाने बदलावा, अशी अपेक्षा होती. अनेकांना तो खर्च परवडला नाही. अनेकांना निम्मे काम झाले म्हणजे निम्मा धोका टळला, असे वाटले. हजारो घरांसमोर रस्ता खणून हद्दीवर शिशाचा नळ कापला गेला आणि त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागास तांबे जोडले गेले.

निम्मा नळ गेला म्हणजे शिसेही निम्मे होईल, हे अंकगणित येथे लागू पडत नाही. नळ कापताना बसणाऱ्या हादऱ्यांनी उरलेल्या भागातील कवचाचे पापुद्रे सुटतात व शिशाचे कण पाण्यात येतात. दुसरे कारण अधिक चिवट आहे. तांबे व शिसे हे दोन भिन्न धातू एकमेकांस टेकलेले आणि दोहोंत पाणी, ही रचना म्हणजे एक छोटा विद्युत्‌घटच होय. शाळेच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी तो पेल्यात मांडतात. या घटात झिजण्याचे काम शिशाच्या वाट्याला येते. त्यामुळे सांध्याजवळचा शिशाचा भाग पूर्वीपेक्षाही वेगाने पाण्यात उतरू शकतो. वॉशिंग्टनमधील मुलांच्या रक्ताच्या तपासण्यांचा पुढे शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा ज्या घरांत अर्धवट नळ बदलला होता, तेथील मुलांना त्याचा काही लाभ झाल्याचे दिसून आले नाही. हद्दीची रेषा नकाशावर असते. पाण्याला ती दिसत नाही.

फ्लिंट या मिशिगन राज्यातील नगराची कथा अधिक प्रसिद्ध आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. २०१४ च्या एप्रिलमध्ये पैशांची बचत व्हावी म्हणून या नगराने डेट्रॉइटकडून मिळणारे ह्युरॉन सरोवराचे पाणी बंद केले व फ्लिंट नदीचे पाणी घेतले. हे पाणी अधिक झीज घडविणारे होते आणि त्यात नळरक्षक द्रव्य मिसळलेच नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेथील मोटारयंत्रांच्या कारखान्याने, यंत्रांचे भाग गंजतात म्हणून, नदीचे पाणी घेणे सोडले. नगरातील मुले ते पुढे आणखी एक वर्ष पीत राहिली. २०१५ च्या सप्टेंबरात बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अत्तिशा यांनी मुलांच्या रक्ततपासणीचे आकडे जाहीर केले : रक्तात शिशाचे प्रमाण अधिक असलेल्या मुलांची संख्या शेकडा २.४ वरून ४.९ वर गेली होती. प्रथम अधिकाऱ्यांनी हे आकडे खोडून काढण्याचाच प्रयत्न केला. ऑक्टोबरात डेट्रॉइटचे पाणी पुन्हा सुरू झाले.

फ्लिंटमध्ये नमुने घेण्याची पद्धतही सदोष होती, आणि ती प्रत्येकाने समजून घेण्याजोगी आहे. नमुना घेण्याच्या आदल्या रात्री नळ काही मिनिटे वाहू द्यावा, अशी सूचना रहिवाशांना देण्यात येत असे. त्यामुळे नळातील शिसे आधीच धुऊन जाई व सकाळचा नमुना स्वच्छ निघे. खरी रीत याहून निराळी आहे. निदान सहा तास घरातील पाणी अजिबात वापरू नये. नळ आधी वाहू देऊ नये. तोटीची जाळी काढू नये. आणि मग थंड पाण्याच्या तोटीखाली लिटरभराची बाटली धरावी.

येथेही एक खुबी आहे. पाऊण इंच व्यासाच्या १५ मीटर लांब नळात सुमारे ४ लिटर पाणी मावते. सकाळी तोटी उघडली की प्रथम येते ते स्वयंपाकघरातील नळाचे पाणी. रात्रभर शिशाच्या नळजोडणीत निपचित पडून राहिलेले पाणी त्याच्या मागून येते. पहिला पेला ओतून देऊन दुसरा पिणारा गृहस्थ अशा वेळी वाईटातले वाईट पाणीच पितो. अमेरिकेच्या सुधारलेल्या नियमांत शिशाची नळजोडणी असलेल्या घरांतून पाचव्या लिटराचा नमुना घेण्याची तरतूद करण्यात आली, ती यामुळेच. प्रयोगशाळेचा एखादा अहवाल चांगला आला म्हणून हुरळून जाऊ नये, हेही सांगितले पाहिजे. कवचाचा एखादा कण आज सुटतो, उद्या सुटत नाही; एकाच घरातील दोन दिवसांचे आकडे पुष्कळदा जुळत नाहीत. म्हणून जाणकार अहवालापेक्षा नळाकडेच अधिक लक्ष देतात.

नळ ओळखणे अवघड नाही. नाण्याने खरवडल्यावर चांदीसारखी चकाकी दिसली व लोहचुंबक चिकटला नाही, तर तो शिशाचा. खरवडल्यावर तांबूस रंग दिसला, तर तांब्याचा. चुंबक चिकटला, तर जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा. मात्र अशा पोलादी नळाच्या मागे पूर्वी शिशाचा नळ असेल, तर त्याच्या गंजात शिशाचे कण अडकून राहिलेले असू शकतात. तांब्याचा नळही निखालस निर्दोष समजू नये, कारण १९८६ पूर्वीच्या सांध्यांत शिसेमिश्रित डाख वापरीत असत. पितळी तोट्यांतही काही शिसे असते. अमेरिकेत त्याचे प्रमाण २०१४ पासून शेकडा पाव भागापर्यंत खाली आणण्यात आले. आपल्याकडे हा प्रश्न पीव्हीसी नळांच्या रूपाने आला. हे प्लॅस्टिक टिकाऊ व्हावे म्हणून त्यात शिशाची संयुगे मिसळण्याची पद्धत होती. ती बंद करण्यासाठी भारत सरकारने २०२१ साली नियम केले.

नळ शिशाचा निघाला, पण तो लगेच बदलणे शक्य नाही, अशा वेळी काय करावे? प्रथम, काय करू नये ते सांगतो. पाणी उकळू नये. म्हणजे शिसे घालविण्याच्या आशेने उकळू नये. उकळण्याने जंतू मरतात, परंतु शिसे वाफ होऊन उडून जात नाही. पाणी आटते आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढतेच. पाणी उकळून पिण्याचा संस्कार आपल्यात इतका खोल आहे, की ही गोष्ट पटावयास वेळ लागतो. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी गरम पाण्याच्या तोटीचे पाणी घेऊ नये, कारण ऊन पाण्यात शिसे अधिक विरघळते. थंड पाणी घेऊन मग तापवावे. बराच वेळ नळ बंद असेल, तर आधी स्नान, कपडे धुणे वगैरे उरकून घ्यावे, म्हणजे नळात साठलेले पाणी वाया न जाता निघून जाते. स्नानाने शिसे त्वचेतून फारसे शरीरात जात नाही. तोटीच्या टोकाची जाळी अधूनमधून काढून धुवावी. पाणी गाळण्याचे यंत्र घ्यावयाचे, तर ते शिसे काढते असे प्रमाणित झालेले असले पाहिजे. नुसता गाळ अडविणारे उपयोगाचे नाही. त्याची पुडी ठरलेल्या मुदतीत बदलली नाही, तर यंत्र शोभेपुरतेच राहते.

हे सारे तात्पुरते उपाय झाले. कायमचा उपाय एकच, तो म्हणजे मुख्य जलवाहिनीपासून पाणीमापकापर्यंत संपूर्ण नळ काढून टाकणे. विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहराने हे फार आधी ओळखले. ऑर्थोफॉस्फेट पाण्यात घालावे तर ते शेवटी शहराभोवतालच्या तळ्यांत उतरेल व तेथे शेवाळ माजेल, अशी तेथे भीती होती. तेव्हा नळच काढावेत, असे ठरले. २००१ पासून साधारण अकरा वर्षांत ८,००० च्या आसपास शिशाच्या नळजोडण्या तेथे बदलल्या गेल्या. घरमालकाला आपल्या बाजूचा नळ बदलणे सक्तीचे केले. पण खर्चाचा निम्मा भाग, १,००० डॉलरपर्यंत, त्याला परत मिळे. हा पैसा पाणीपट्टीतून देण्यास राज्याच्या नियामक मंडळाची संमती नव्हती. मग शहराने पाण्याच्या उंच टाक्यांवर दूरध्वनीच्या अँटेना बसविण्यास जागा भाड्याने दिली व त्या भाड्यातून ही रक्कम उभी केली.

न्यू जर्सी राज्यातील न्यूआर्क नगराची अडचण निराळी होती. तेथील बहुसंख्य रहिवासी भाडेकरू. मालक दूर राहणारे, कधी त्यांचा पत्ताही लागत नसे. भाडेकरूच्या मुलाने पाणी प्यावयाचे, आणि नळ बदलण्यास संमती मात्र न सापडणाऱ्या मालकाची हवी! २०१९ साली नगराने ठराव करून मालकाच्या संमतीवाचून काम करण्याचा अधिकार घेतला. प्रारंभी मालकांकडून खर्चाचा काही भाग घेण्याचा बेत होता. नंतर कौंटीने कर्जरोखे काढून १२ कोटी डॉलर उभे केले व काम विनामूल्य झाले. तीन वर्षांच्या आत सुमारे २३,००० नळजोडण्या बदलल्या गेल्या. खर्च व संमती या दोन अडचणी दूर झाल्यावर काम किती वेगाने होते, ते येथे दिसले. २०२४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने देशभरच्या पाणीपुरवठा संस्थांना शिशाच्या नळजोडण्या बदलण्यासाठी, २०२७ पासून सर्वसाधारणपणे १० वर्षांची मुदत घालून दिली आणि कारवाईची मर्यादा १५ वरून १० मायक्रोग्रॅमवर आणली. तेव्हा अशा नळजोडण्यांची संख्या ९० लाखांपर्यंत असावी, असा तिचा अंदाज होता. शिकागोचा वाटा त्यात सर्वांत मोठा. ज्या नगराने शिशाची सक्ती केली, त्यालाच आता ते खणून काढावयाचे आहे. म्हणून घरमालकाच्या हद्दीतील तुकड्याचा भार एकट्या मालकावर टाकणे प्रस्तुत लेखकाला न्याय्य वाटत नाही.

नळ बदलून कामगार निघून गेले म्हणजे काम संपले, असे मात्र कोणी समजू नये. खणण्याच्या हादऱ्यांनी सुटलेले कण घरातील नळांत शिरलेले असतात. त्याच दिवशी सर्व तोट्यांच्या जाळ्या काढाव्यात, खालच्या मजल्यापासून वरपर्यंत एकेक थंड पाण्याची तोटी पूर्ण उघडावी व निदान अर्धा तास पाणी वाहू द्यावे. जाळ्या धुऊन परत बसवाव्यात. त्यानंतर सहा महिनेपर्यंत पिण्याचे व लहान मुलांचे दूध कालविण्याचे पाणी शिसे काढणाऱ्या यंत्रातूनच गाळून घ्यावे, आणि तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान पाण्याचा नमुना पुन्हा एकदा तपासून घ्यावा.